चीनच्या गल्लीबोळांतले अमेरिकी फोटो-ब्लॉग: पार्श्वभूमी

चीनमध्ये राहणाऱ्या अमेरिकी लोकांनी २००३ ते २००९ या काळात इंटरनेटवर जे फोटो टाकले, त्यांचे विषय बहुतेक वेळा अगदी साधे असत. नाश्त्याची हातगाडी, हिवाळ्यासाठी जिन्यात रचून ठेवलेले कोबीचे गड्डे, बोळाच्या तोंडाशी चिनी बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेली म्हातारी माणसे, पाडायच्या घराच्या भिंतीवर रंगवलेले मोठे अक्षर. यातले बहुतेक ब्लॉगर पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवत, कुणी भाषांतर करत, कुणी छोट्या कंपनीत नोकरी करत. बातमीत न मावणारा चीन त्यांनी टिपला आणि आज त्या काळच्या शहरांबद्दल लिहायचे तर हे फोटो टाळून पुढे जाता येत नाही. असे फोटो त्याआधी का निघाले नाहीत आणि नंतर का आटले, याचे उत्तर कॅमेऱ्यात कमी आणि भाडेकरारात, पोलीस नोंदणीत, सर्व्हरमध्ये आणि कायद्याच्या दोन-तीन कलमांत जास्त आहे.

पहिले अमेरिकी व्यापारी जहाज १७८४ मध्ये कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, लागले, पण त्या व्यापाऱ्यांना शहराच्या तटाबाहेरच राहावे लागे. चिनी घरांचे उंबरे ओलांडले ते पुढच्या शतकातल्या मिशनऱ्यांनी आणि शिक्षकांनी. त्यांचेच काम पुढे नेणारा एक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ, एका साबण कंपनीच्या संस्थापकाचा नातू, १९०८ ते १९३२ दरम्यान चार वेळा चीनमध्ये आला आणि सुमारे ५ हजार फोटो काढून गेला. अंत्ययात्रा, मजूर, जत्रा, फेरीवाले असे सगळे त्यात आहे. त्याच्या निगेटिव्ह त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १९८४ मध्ये, घरच्या कपाटात सापडल्या. इतके बारकाईचे काम हयातभर फार थोड्यांनी पाहिले, हे मनाला लागते.

कम्युनिस्ट सत्तेवर आले त्या १९४९ नंतरची दोन दशके या दृष्टीने कोरडीच गेली. १९७२ मध्ये अमेरिकी अध्यक्ष बीजिंगला आले, १ जानेवारी १९७९ पासून दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. याच दरम्यानची एक घटना मात्र विसरू नये. १९७२ मध्ये एका इटालियन दिग्दर्शकाला सरकारी आमंत्रणावरून चीनमध्ये माहितीपट करू दिला गेला आणि जानेवारी १९७४ मध्ये सरकारी मुखपत्राने त्याच्यावर लांबलचक लेख लिहून तोफ डागली. आरोप असा की त्याने मुद्दाम जुने, गरीब, मागासलेले तेवढेच दाखवले. तीस वर्षांनी अमेरिकी ब्लॉगरांना चिनी वाचकांकडून हेच ऐकावे लागले: आमचे नवे विमानतळ सोडून तुम्ही गळके नळच का टिपता?

१९८० च्या दशकात आलेला अमेरिकी शिक्षक विद्यापीठाच्या आवारातल्या परदेशी लोकांच्या इमारतीत राही. भेटायला येणाऱ्या चिनी माणसाला दारावरच्या वहीत नाव लिहावे लागे. १९८० पासून परदेशी लोकांसाठी चलनाच्या वेगळ्या नोटा होत्या, त्या १९९४ मध्ये थांबल्या. खुल्या शहरांची यादी होती आणि तिच्याबाहेर जायला प्रवास परवाना लागे. फोटो निघत, पण ते स्लाइडवर. सुट्टीत घरी गेल्यावर नातेवाइकांना दाखवायचे आणि डब्यात ठेवायचे. १९९३ पासून अमेरिकी सरकारच्या एका स्वयंसेवक योजनेतून तरुण मुले-मुली सिचुआनमधल्या छोट्या गावांत शिकवायला येऊ लागली. पुढे ही योजना चोंगचिंग, ग्वेइचौ आणि गान्सूपर्यंत पसरली आणि २०२० मध्ये बंद होईपर्यंत १३०० हून अधिक जण तिच्यातून आले. बीजिंग-शांघायच्या पलीकडचा चीन अमेरिकी वाचकाला कळला, त्यात या मुलांचा वाटा मोठा आहे.

पण खरी कलाटणी मिळाली ती भाडेकरारामुळे. परदेशी माणसाने ठरावीक इमारतींतच राहावे, ही अट बीजिंगने २००३ मध्ये काढली. त्याआधीही लोक गुपचूप साध्या चाळवजा इमारतींत राहत, पण पोलीस दारावर येण्याची धास्ती असे, आणि ज्याला आपला पत्ताच लपवायचा आहे तो आपल्या गल्लीचे फोटो जगाला कसे दाखवणार? अट गेली आणि अमेरिकी भाडेकरू हुतोंगमध्ये, म्हणजे जुन्या बीजिंगच्या बोळांत, उघडपणे राहू लागले. त्याच वर्षी सार्सची साथ आली. २० एप्रिल २००३ रोजी बीजिंगमधल्या रुग्णांचा अधिकृत आकडा एका दिवसात ३७ वरून ३३९ वर गेला, आरोग्यमंत्र्यांना आणि महापौरांना पायउतार व्हावे लागले. त्या आठवड्यांत ओस पडलेल्या रस्त्यांचे, मास्क लावलेल्या भाजीवाल्यांचे फोटो परदेशी रहिवाशांनी टाकले, तेव्हा घरी बसून काढलेल्या फोटोलाही साक्षीचे मोल असते हे अनेकांना पहिल्यांदा उमगले. डिजिटल कॅमेरा तोवर आवाक्यात आला होता. रोलचा आणि फोटो धुण्याचा खर्च गेला, तसा उगाचच काढलेला फोटोही परवडू लागला. रोजच्या जगण्याची नोंद अशा उगाच काढलेल्या फोटोंतूनच होते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी जुन्या वस्त्या झपाट्याने पाडल्या जात होत्या. कालच्या फोटोतले केशकर्तनाचे दुकान आज ढिगाऱ्यात, असा तो काळ होता आणि ब्लॉगरांनाही त्याची घाई कळत होती.

अडथळे होतेच. ब्लॉग लिहिण्याची फुकट सेवा असलेले ब्लॉगस्पॉट जानेवारी २००३ मध्ये चीनमध्ये बंद झाले आणि नंतर मधूनमधून उघडत-मिटत राहिले. २००५ मध्ये चीनमधल्या सर्व्हरवरच्या प्रत्येक संकेतस्थळाला सरकारी नोंदणी सक्तीची झाली, त्यामुळे बहुतेक अमेरिकी लोकांनी आपले लिखाण देशाबाहेरच्या सर्व्हरवर ठेवले. मुंबईकर वाचकांना यातली एक झलक अनुभवाने ठाऊक आहे: जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मोजकी पाने रोखण्याचा आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटच अख्खे बंद केले. आपल्याकडे ते काही दिवसांत सुटले. चीनमध्ये मात्र जून २००७ मध्ये फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळावरची चित्रे दिसेनाशी झाली. पान उघडे, फोटोखालच्या ओळी दिसत, प्रतिक्रिया दिसत, फोटोची जागा तेवढी रिकामी. ब्राउझरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम हातोहात फिरला, लोक त्यातूनही मार्ग काढत राहिले. पण या घटनेचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. ज्यांचे फोटो होते, ती माणसे आता ते पाहूच शकत नव्हती. इथूनच पुढचा गुंता सुरू होतो आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

फोटोतल्या माणसाच्या संमतीचा प्रश्न चीनच्या कायद्यात जुना आहे. १९८६ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १९८७ पासून लागू झालेल्या दिवाणी कायद्याच्या तत्त्वांत, कलम १०० मध्ये, नागरिकाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क दिला होता आणि संमतीशिवाय नफ्यासाठी ती वापरण्यास मनाई होती. ‘नफ्यासाठी’ या अटीवर सगळे अडले होते. १९८८ च्या न्यायालयीन स्पष्टीकरणात उदाहरणे दिली ती जाहिरातीची, ट्रेडमार्कची, दुकानाच्या काचेतल्या सजावटीची. तेव्हा ब्लॉगवर एक पैसाही न कमावणारा अमेरिकी शिक्षक निश्चिंत असे. मोचीचा चेहरा, झोपलेला रिक्षावाला, अंगणात अंघोळ करणारे पोर, काहीही टाका, विकले नाही म्हणजे झाले, अशी समजूत रुजली. पुढे पानाच्या कडेला जाहिराती आल्या, कुणाचा फोटो मासिकाने विकत घेतला, कुणाचे प्रदर्शन भरले. मग नफा नेमका कुठे सुरू होतो? महिन्याला सर्व्हरचे भाडे सुटावे एवढ्याच जाहिराती असतील तर तो नफा का? याचे सरळ उत्तर कुणाकडे नव्हते. चिनी कायदेपंडितांची तक्रार वेगळीच होती: कुणी पैसे न कमावता केवळ टिंगल करण्यासाठी एखाद्याचा फोटो फिरवला, तर प्रतिमेचा हक्क त्याला वाचवत नाही, अब्रूनुकसानीचे वेगळे कलम शोधावे लागते.

२८ मे २०२० रोजी मंजूर झालेली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेली दिवाणी संहिता इथे स्पष्ट वळण घेते. कलम १०१९ मधून नफ्याची अट गेली. संमतीशिवाय कुणाची प्रतिमा तयार करणे, वापरणे, प्रसिद्ध करणे, तिन्हींना मनाई. कलम १०२० मध्ये अपवाद आहेत: बातमीदारीत अपरिहार्य असेल तर, सरकारी यंत्रणेच्या कायदेशीर कामासाठी, आणि एखादी सार्वजनिक जागा दाखवताना टाळता न आल्यास. या शेवटच्या अपवादावर रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा सगळा भार आहे. भाजीबाजाराच्या फोटोत शंभर माणसे आली तर ती टाळता येत नाहीत, हे कुणीही मान्य करेल. पण त्याच बाजारातली एकच आजी निवडली, तिच्या सुरकुत्यांवर फोकस धरला, मागचा बाजार धूसर केला, तर ती टाळता न आलेली माणूस राहते कशी? फोटोच तिचा आहे. फोटोग्राफर म्हणतात की आधी विचारले तर क्षण निसटतो, विचारल्यावर माणूस सावरून बसतो आणि खरे जगणे फोटोत उतरत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही.

तरीही हा बदल योग्य होता असे मला वाटते. त्या वर्षांतल्या फोटोंत देवघेव समसमान नव्हती. काढणारा इंग्रजीत लिहीत होता, ज्याचा फोटो त्याला इंग्रजी येत नव्हते. पान त्याच्या देशात बंद होते. खाली जगभरचे लोक त्याच्या दातांवर, कपड्यांवर, घरावर बोलत होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. काही ब्लॉगर फोटोची प्रत छापून त्या माणसाला नेऊन देत, चहा पीत, नाव विचारत, पुन्हा जात. त्यांचे फोटो आजही वेगळे ओळखू येतात, कारण त्यांत माणसे कॅमेऱ्याकडे ओळखीच्या नजरेने पाहतात. सांगितल्याशिवाय राहवत नाही ते एवढेच की सर्वसामान्य माणसाला ही शिस्त लावणाऱ्या संहितेने सरकारी यंत्रणेला अपवाद दिला आहे. चौकाचौकात कॅमेरे असलेल्या देशात त्या अपवादाचे वजन फार मोठे आहे, आणि चेहऱ्याच्या हक्काबद्दल बोलताना ते बाजूला ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पुढचा काळ दाटीवाटीचा आहे. मार्च २००९ मध्ये यूट्यूब, जुलै २००९ मध्ये शिनजियांगमधल्या उरुम्चीच्या दंगलीनंतर फेसबुक, सप्टेंबर २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनादरम्यान इन्स्टाग्राम बंद झाले. ऑगस्ट २००९ मध्ये ट्विटरसारखे वेइबो आणि जानेवारी २०११ मध्ये व्हॉट्सॲपसारखे वीचॅट आल्यावर गप्पा तिकडे सरकल्या. वीचॅटवरचा फोटो ओळखीच्यांच्या वर्तुळातच राहतो, तो उद्या कुणाला शोधून सापडत नाही. २०१७ मध्ये बंद संकेतस्थळे उघडून देणाऱ्या व्हीपीएनविरुद्ध मोहीम निघाली आणि आयफोनच्या चिनी दुकानातून ती ॲप्स काढली गेली. परदेशी रहिवाशांची पोलीस नोंदणीही कडक होत गेली. जुन्या नियमांत शहरात २४ तासांत आणि खेड्यात ७२ तासांत पोलिसांना कळवायचे होते, १ जुलै २०१३ पासूनच्या कायद्याने सगळीकडे २४ तास केले आणि चुकल्यास २ हजार युआनपर्यंत दंड ठेवला. एप्रिल २०१७ पासून कामाचे परवाने अ, ब, क अशा श्रेणींत वाटले जाऊ लागले. साध्या शिक्षकाला पदवी आणि सहसा दोन वर्षांचा अनुभव दाखवणे भाग पडले. पर्यटक व्हिसावर येऊन सहा महिने शिकवणारा, भटकणारा, लिहिणारा तरुण, ज्याच्यामुळे हे ब्लॉग जिवंत होते, तो या चाळणीतून गळाला. जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर निर्बंध आले आणि इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्याही घटल्या.

जनगणनेत हे आकड्यांनी दिसते. परदेशी लोकांची पहिली गणना २०१० मध्ये झाली, तेव्हा मुख्य भूमीवर ७१,४९३ अमेरिकी होते. २०२० मध्ये ५५,२२६. २८ मार्च २०२० रोजी सीमा बंद झाली आणि परदेशी लोकांचे निवासी परवानेही प्रवेशासाठी निरुपयोगी झाले, निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि आल्यावरच्या विलगीकरणाची सक्ती उठली ती ८ जानेवारी २०२३ ला. २०११-१२ मध्ये जवळजवळ १५ हजार अमेरिकी विद्यार्थी चीनमध्ये होते. २०२१-२२ मध्ये २११. डिसेंबर २०२४ पासून अमेरिकी प्रवाशांना तिसऱ्या देशात जाताना दहा दिवस बिनव्हिसा थांबता येते, त्यातून व्हिडिओ भरपूर येतात. पण दहा दिवसांत शेजारी होत नाही.

दरम्यान जुने ब्लॉग विरत चालले आहेत. फ्लिकरने २०१९ मध्ये फुकट खात्यांना १ हजार फोटोंची मर्यादा घातली आणि टाइपपॅड ही ब्लॉगची सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद झाली. ज्यांनी मूळ फाइली, तारीख आणि गल्लीचे नाव यांसह जपून ठेवल्या, त्यांचेच काम संशोधकाच्या हाती लागेल. ते पुन्हा प्रसिद्ध करायचे तर कलम १०१९ आडवे येते, कारण फोटोतली माणसे आता कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही आणि संमती कुणाची घ्यायची हा प्रश्न तसाच आहे.