काउंटर बिट, सरकते

काउंटर बिट, सरकते : स्क्रूसाठी लागणारे बारीक भोक आणि त्या भोकाच्या तोंडाशी स्क्रूचे डोके बसेल अशी शंकूची खळगी, ही दोन्ही कामे एका दमात करणारे ड्रिल यंत्राचे अवजार. भोक पाडणारे ड्रिल आणि खळगी काढणारा काउंटर हे त्यात दोन सुटे तुकडे असतात. काउंटर ड्रिलवर वर-खाली सरकवून हव्या त्या जागी ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूने, आवळता येतो. म्हणून ते ‘सरकते’. सुतारकामात ‘काउंटर बिट’ किंवा ‘सीएसके (काउंटरसंक) बिट’ म्हटले की हेच समजले जाते. मात्र कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्याकडे ‘ड्रिल आणि काउंटर एकत्र’ असलेले अवजार मागितले, तर तो सेंटर ड्रिल हातात ठेवील. ते अखंड असते, जुळवता येत नाही, आणि त्याचा शंकू लेथच्या सेंटरशी, म्हणजे काम टेकवून धरणाऱ्या टोकदार आधाराशी, जुळणारा ६० अंशांचा असतो. त्याने काढलेल्या खळगीत स्क्रूचे डोके फक्त वरच्या कडेवर टेकते आणि बाकी अधांतरी राहते. नावाच्या या घोळामुळे चुकीचे बिट घरी येते, म्हणून आधी अंश विचारावेत.

सामता आणि गिरमिट या हाताने फिरवायच्या भोकपाड्या अवजारांच्या काळात डोक्याची खळगी पटाशीच्या टोकाने किंवा वेगळ्या बिटाने काढावी लागे. विजेचे ड्रिल आले तरी चकमधले, म्हणजे यंत्राच्या पकडीतले, बिट बदलण्याचा उपद्व्याप राहिलाच. साठ स्क्रूंच्या कपाटाला साठ भोके आधी आणि साठ खळग्या नंतर, आणि दुसऱ्या फेरीत खळगी भोकाच्या बरोबर मध्यावर येईलच याची खात्री नाही. सरकत्या बिटात दोन्ही पाती एकाच अक्षावर फिरतात, त्यामुळे खळगी आपोआप मध्यावर येते. वाचलेल्या वेळापेक्षा हा फायदा मोठा आहे. अर्थात स्क्रू पाऊण उंचीपर्यंत हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे चार आटे तेवढे पिळायचे, ही आपल्याकडची सवय असेल तर कोणतेही बिट उपयोगाचे नाही. ठोकलेल्या स्क्रूभोवतीचे तंतू तुटलेले असतात, आट्यांना धरायला लाकूड उरत नाही.

डोके बुडवायचे ते केवळ दिसण्यासाठी नव्हे. बैलगाडीच्या साट्यावर किंवा टेम्पोच्या तळफळीवर डोके वर राहिले, तर हळदीचे पोते ओढताना नेमके तिथेच फाटते. महाबळेश्वर भागातल्या मधपेट्यांचे कप्पे एकावर एक बसतात. काठाच्या पट्टीवर एक डोके अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी फट पडते आणि मुंग्यांना वाट मिळते. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने ज्या लोखंडी नांगरावर नाव कमावले, तसल्या नांगराच्या फाळाचे बोल्टही बुडत्या डोक्याचेच असतात. डोके वर आले की माती त्यावर घासते, माती अडते आणि ओढ वाढते. अर्थात लोखंडातली ती खळगी या सुतारी बिटाने काढायची नसते.

भाग. वरती षट्कोनी दांडा असतो, बहुधा पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी.चा, तो चकमध्ये घसरत नाही. दांड्याच्या खाली काउंटरचे अंग. त्याचे खालचे टोक शंकूचे आणि वरचा भाग सरळ नळीसारखा असतो, बहुधा ९.५ मि.मी. व्यासाचा. हा सरळ भाग कामाचा आहे. डोके आणखी खोल नेऊन वर लाकडी बुच्ची बसवायची असेल तर त्याच व्यासाची सरळ विहीर तो पाडतो. अंगाच्या पोटातून ड्रिल आरपार जाते आणि बाजूच्या एक किंवा दोन ग्रब स्क्रूंनी आवळले जाते. चांगल्या बिटाला शिवाय एक कडे असते. तेही सरकते, आणि फळीला टेकले की बिट आणखी खाली जाऊ देत नाही.

ड्रिल दोन तऱ्हेचे मिळते : सरळ, आणि टोकाकडे निमुळते. जुन्या घडणीच्या स्क्रूला वर गुळगुळीत मान आणि खाली निमुळते होत जाणारे आटे असतात, त्याला निमुळते ड्रिल शोभते. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डचे स्क्रू सगळीकडे सारख्या जाडीचे असतात, त्यांना सरळच हवे. निमुळत्या ड्रिलच्या भोकात असा स्क्रू टोकाशी जाम होतो, आणि जोर लावला की डोक्याची खाच झिजते.

माप. स्क्रू ‘पस्तीस-आठ’ म्हणून मागितला जातो : लांबी ३५ मि.मी., जाडी ८ नंबर. नंबरावरून जाडी काढायची तर नंबराला ०.३३ ने गुणून १.५२ मिळवावेत. त्या हिशेबाने ६ नंबर ३.५, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८ आणि १२ नंबर ५.५ मि.मी. भरतो. (तारेच्या गेजमध्ये नंबर वाढला की तार बारीक होते, इथे उलट, नवशिक्याची गल्लत इथेच होते.) डोके मानेच्या साधारण दुप्पट, म्हणजे ८ नंबरचे सुमारे ८.३ मि.मी. पायलट भोक, म्हणजे आटे धरतील असे आधीचे बारीक भोक, आट्यांमधल्या गाभ्याच्या मापाचे असावे : ६ नंबरला मऊ लाकडात २ आणि कठीण लाकडात २.४, ८ नंबरला २.४ आणि २.८, १० नंबरला २.८ आणि ३.२ मि.मी.

शंकूचा कोन डोक्याच्या कोनाशी जुळलाच पाहिजे. मेट्रिक मापाच्या स्क्रूंचे डोके ९० अंशांचे, अमेरिकी इंची मापाच्या स्क्रूंचे ८२ अंशांचे. बाहेरून आलेल्या संचांत ८२ अंशांची बिटे सर्रास असतात. त्यांच्या खळगीत ९० अंशांचे डोके वरच्या कडेवर लटकते. उलट झाले तर डोके मानेपाशी टेकते आणि कडेने गोल फट दिसत राहते. लाकडात स्क्रू आवळला की हा फरक थोडाफार दाबून निघतो. पितळी बिजागरीत मात्र निघत नाही, तिथे तो उघडा पडतो.

जुळवणी. यंत्राचा प्लग काढावा, बॅटरीचे असेल तर बॅटरी. ॲलन कीने, म्हणजे षट्कोनी किल्लीने, ग्रब स्क्रू सैल करावा. वापरायचा स्क्रू बिटाशेजारी धरून डोक्याची वरची कड काउंटरच्या शंकूच्या वरच्या कडेशी आणावी. ड्रिलचे टोक कठीण लाकडासाठी स्क्रूच्या टोकाबरोबर आणि मऊ लाकडासाठी चार-पाच मि.मी. मागे ठेवावे, म्हणजे शेवटचे आटे कोऱ्या लाकडात शिरून पकड घेतात. ग्रब स्क्रू आवळण्याआधी ड्रिल किंचित फिरवून त्याची खोबण ग्रब स्क्रूसमोर आणावी. खोबणीच्या कडेवरचा गोल पृष्ठ कडक पोलादाचा असतो. त्यावर आवळलेला ग्रब स्क्रू पहिल्या दहा भोकांतच घसरतो. शिवाय ड्रिलच्या खोबणीचे तोंड काउंटरच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत उघडेल असे पाहावे, नाहीतर वर येणारा कीस अंगाच्या बुडाशी अडतो.

कडे बसवताना घाई नको. ९० अंशांच्या शंकूत बिट १ मि.मी. खोल गेले की खळगीचे तोंड २ मि.मी.ने रुंद होते. ८ नंबरच्या डोक्यासाठी शंकूची खोली जेमतेम २.१ मि.मी. लागते. तिथे अर्ध्या मि.मी.ची चूक म्हणजे तोंडाला एक मि.मी.चा फरक, आणि तो दुरून डोळ्याला दिसतो. म्हणून त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर तीन भोके पाडून, प्रत्येकात स्क्रू आवळून बघावा. डोके पृष्ठाशी सपाट हवे असेल तर एवढे पुरे. वर पुट्टी भरायची असेल तर १ मि.मी. खाली. लाकडी बुच्चीसाठी १८ मि.मी.च्या फळीत ६ मि.मी.ची सरळ विहीर पुरते. डोक्याखाली १० मि.मी.च्या आसपास लाकूड शिल्लक राहते, त्याहून कमी ठेवू नये. बुच्ची त्याच लाकडाची असावी आणि तिचा रेषा-रेषांचा माग फळीच्या मागाशी जुळवावा.

तिसरे भोक. या अवजाराबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. बिट दोन कामे एका फटक्यात करते हे खरे, पण दोन फळ्या जोडणाऱ्या स्क्रूला मुळात तीन मापे लागतात : खालच्या फळीत आट्यांसाठी पायलट, वरच्या फळीत स्क्रू सहज सरकेल असे मोकळे भोक, आणि डोक्याची खळगी. सरळ ड्रिल दोन्ही फळ्यांत पायलटच पाडते. मग ज्याला डोक्यापर्यंत आटे आहेत तो स्क्रू वरच्या फळीलाही पकडतो आणि दोन फळ्यांमध्ये असलेली फट जशीच्या तशी राहते. कितीही आवळा, फळी खाली बसत नाही. शेवटी आटे चुरडतात आणि दोष स्क्रूला दिला जातो. उपाय सोपा आहे. बिटाने भोक पाडल्यावर वरची फळी बाजूला घेऊन ते भोक ८ नंबरसाठी ४.५ मि.मी.च्या ड्रिलने मोकळे करावे. तेवढी सवड नसेल तर दोन्ही फळ्या क्लॅम्पने घट्ट दाबून मगच भोक पाडावे आणि स्क्रू बसेपर्यंत क्लॅम्प सोडू नये. तिन्ही मापे एकत्र पाडणारी पायऱ्यांची बिटेही मिळतात, पण ती एकाच नंबराच्या आणि एकाच लांबीच्या स्क्रूला बांधलेली असतात.

चालवताना. टोच्याने खूण करून घ्यावी. यंत्र आधी फिरू द्यावे, मग टेकवावे. सनमायकावर तर हा नियम मोडूच नये. थांबलेला दात सनमायकाला टेकवून बटण दाबले की कपचा उडतो. लाकडासाठी मिनिटाला १,००० ते १,५०० फेरे पुरेत. २.८ मि.मी.च्या ड्रिलच्या मानाने ९.५ मि.मी.च्या काउंटरची कड तिपटीहून अधिक वेगाने धावते, म्हणून ड्रिल थंड असताना खळगी काळी पडते. २.८ मि.मी.चे ड्रिल ३५ मि.मी. खोल नेणे म्हणजे व्यासाच्या बारा पटींहून खोल जाणे. काउंटर लाकडाला टेकला की कीस बाहेर पडायची वाट जवळजवळ बंद होते. त्यामुळे काउंटर टेकण्याच्या आधी बिट एकदा पूर्ण बाहेर काढून खोबण मोकळी करावी, आणि मग खळगी एका सलग, ठाम दाबाने काढावी. दाब कमी आणि वेग जास्त झाला की बिट थरथरते आणि खळगी गोल न होता पाच-सहा कोनी होते. एकदा अशी कोनी झालेली खळगी त्याच बिटाने सुधारत नाही, दात पुन्हा त्याच कोपऱ्यांत बसतात. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे नकोत, ते फिरत्या बिटात गुंततात.

लाकूड. सागात बारीक सिलिका असते, ती धार लवकर खाते. सागावर रोज काम असेल तर साध्या पोलादाचे बिट घेणे म्हणजे पैसे दोनदा देणे आहे. बाभळीला कठीण लाकडाचेच माप धरावे. तिच्यातल्या टॅनिनची लोखंडाशी ओल लागून गाठ पडली की डोक्याभोवती निळसर-काळा डाग पसरतो, म्हणून उघड्यावरच्या कामाला स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी स्क्रू घालावा. पितळी स्क्रू मऊ असतो. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करून आटे पाडून घ्यावेत, मग मेणबत्ती घासलेला पितळी बसवावा. पार्टिकल बोर्डच्या कडेत पायलटशिवाय स्क्रू घातला तर थर फुगतात, आणि टोकापासून २५ मि.मी.च्या आत घातला तर पायलट असूनही फुटण्याची धास्ती राहते.

साताऱ्याचा पश्चिम भाग आणि सांगलीचा पूर्व भाग यांतला हवेचा फरकही खळगीत उतरतो. कोयना किंवा महाबळेश्वरच्या पावसाळ्यात दमट झालेल्या फळीचे कपाट जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत गेले की फळी आटते. १८ मि.मी. जाडीची फळी दोन टक्के आटली तर ०.३६ मि.मी. पातळ होते. स्क्रू खालच्या चौकटीत रुतलेला असल्याने डोके जागेवर राहते, पृष्ठ खाली जाते, आणि पॉलिशखालून डोक्याचा गोल उमटतो. अशा कामात डोके पृष्ठाशी सपाट न ठेवता पाऊण ते एक मि.मी. बुडवावे, आणि भरणी उन्हाळा पाहून मग करावी.

बिघाड. खळगी अंडाकृती येत असेल तर हात दोषी धरण्याआधी ड्रिल पाहावे. २.८ मि.मी.च्या अंगात २.५ मि.मी.चे ड्रिल घातले की ग्रब स्क्रू त्याला एका बाजूला ढकलतो, मध्य सरकतो आणि काउंटर हेलकावे घेत फिरतो. पॅकिंग घालून हे भागत नाही, बरोबर मापाचेच ड्रिल आणावे. काम करता करता खळगी हळूहळू उथळ किंवा खोल होत चालली तर ग्रब स्क्रू सैल झाला आहे. प्रत्येक वीस-पंचवीस भोकांनी तो चाचपावा. ड्रिल बहुतेक वेळा ग्रब स्क्रूपाशीच मोडते, कारण तिरक्या हाताचा सगळा ताण तिथे येतो. उरलेला तुकडा पुरेसा लांब असेल तर फेकू नये. टोकाला ११८ अंशांची धार काढून तो खाली सरकवला की आखूड स्क्रूंसाठी पुन्हा चालतो. अखंड बिटात ही सोय नाही.

काउंटरला धार काढताना दाताची सपाट आतली बाजूच बारीक डायमंड पट्टीवर चार-सहा वेळा, प्रत्येक दातावर सारख्या घासण्यांनी घासावी. बाहेरच्या शंकूला पट्टी लावू नये. तिथला एखादा दात जरी उतरला तरी उरलेल्या दातांवर सगळे काम पडते, आणि बिट पुन्हा थरथरू लागते.