जज व्हायचंय? मग मतं मागा

अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर विचारून बघा, निवडणुकीच्या दिवसांत घरापुढच्या लॉनवर 'अमुक फॉर जज' असे बोर्ड लागतात. वकिली करणारा माणूस चक्क मतं मागत फिरतो. आपल्याकडे एमपीएससीतून जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटची, परीक्षा देणाऱ्या पोरांना सांगितलं तर हसतील.

तिकडे पण आधीपासून असं नव्हतं. जजची नोकरी आणि पगार दोन्ही इंग्लंडच्या राजाच्या मर्जीवर, ही १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलीच एक तक्रार. म्हणून केंद्राच्या कोर्टात राष्ट्राध्यक्षाने नेमायचं, सिनेटने मान्यता द्यायची आणि मग चांगलं वागतोय तोवर त्याला हलवायचं नाही, ते आजही तसंच आहे. राज्यांत मात्र गव्हर्नर (तिकडे हा राज्याचा कारभारी प्रमुख) नाहीतर विधिमंडळ जज नेमायचं आणि आपली माणसं चिकटवणं जोरात चालायचं. १८३२ मध्ये मिसिसिपीने सगळेच जज मतदानाने निवडायचं ठरवलं. पुढे १८३७ ची मंदी आली, कालवे-रेल्वेसाठी काढलेल्या कर्जात राज्यं बुडाली, लोक विधिमंडळांवर खवळले, १८४६ ला न्यूयॉर्कने मतदान आणलं आणि मग रांगच लागली.

म्हणजे बघा, मतदान आणलं ते जजना पुढाऱ्यांच्या तावडीतून सोडवायला, आणि झालं काय तर तिकीट पक्षच देणार म्हटल्यावर पुढारी मागच्या दाराने परत हजर. न्यूयॉर्कात टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा बॉस ट्वीड, त्याच्या खास मर्जीतला जज जॉर्ज बार्नार्ड, त्याला १८७२ मध्ये महाभियोग चालवून काढावं लागलं. मग काही राज्यांनी बॅलटवरून पक्षाचं नाव काढलं. मिझुरीने १९४० मध्ये वेगळीच सोय केली, कमिटी नावं सुचवणार, गव्हर्नर त्यातून नेमणार आणि नंतर लोकांनी फक्त ठेवा किंवा काढा एवढंच सांगायचं.

पण जिथे निवडणूक राहिली तिथे पैसा आलाच. आणि पैसे देणार कोण, तर बरेचदा वकील, जे उद्या त्याच जजपुढे उभे राहणार! फ्लोरिडात नियम आहे की उमेदवाराने स्वतः पैसे मागायचे नाहीत. २००९ मध्ये टँपाकडच्या लॅनेल विल्यम्स-यूली या वकीलबाई काउंटी जजसाठी उभ्या राहिल्या, २५ ते ५०० डॉलर द्या असं पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं, निवडणूक हरल्या आणि वर बारची, म्हणजे वकिलांच्या संस्थेची, कारवाई. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने त्या तिथेही हरल्या, सरन्यायाधीश रॉबर्ट्सचं म्हणणं असं की जज मतपेटीतून आला तरी तो राजकारणी नाही.

आता खरी मजा. फ्लोरिडाच्या त्याच नियमात उमेदवाराची कमिटी पैसे मागू शकते, आणि कुणी दिले ते बघून उमेदवार स्वतः त्यांना थँक्यूचं पत्र पण लिहू शकतो.