ओल्या स्पंजाने फिकी पडलेली तासिलीची चित्रं

अल्जीरियाच्या आग्नेय भागात सहारात तासिली नाज्जेर हे सुमारे ७२,००० चौरस किलोमीटरचं वालुकाश्माचं पठार आहे. पायथ्याच्या जानेत गावाच्या बाजूने वर जायला गाडीरस्ता नाही. घाटवाटेने पायीच चढावं लागतं आणि सामान गाढवांवर येतं. इथे १५,०००हून अधिक चित्रं आणि कोरीव आकृत्या आहेत. बहुतेक चित्रं खोल गुहांत नसून उथळ शैलाश्रयांत, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाखालच्या आडोशांत आहेत. त्यामुळे वारा, धूळ आणि माणसाचा हात सहज पोचतो.

आधी वाटोळ्या डोक्याच्या मोठ्या आकृत्या, मग गुरांचे कळप, मग घोडे आणि रथ, शेवटी उंट, असा ढोबळ क्रम मानतात. एकावर एक चढलेले थर हा त्याचा मोठा आधार. गुरांची चित्रं सहारा हिरवा होता तेव्हाची; सुमारे ५,००० वर्षांपूर्वी पाऊस आटत गेला.

१९३०च्या दशकात उंटस्वार फ्रेंच लष्करी अधिकारी ब्रेनां यांनी इथली रेखाटनं केली. १९५६-५७मध्ये फ्रेंच संशोधक आंरी लोत चित्रकारांची तुकडी घेऊन आले. भिंतीवरून ट्रेसिंग काढायचं, ते मोठ्या कागदावर उतरवायचं आणि मूळ चित्रासमोर बसून रंग जुळवायचे, अशी पद्धत. पॅरिसच्या प्रदर्शनाने तासिली जगभर पोचली, हे श्रेय त्यांचंच. (काही इजिप्शियन वळणाच्या आकृत्या मात्र पुढे बनावट ठरल्या.)

नुकसान झालं ते रंग उठावेत म्हणून लोत यांच्या तुकडीने भिंतीवर फिरवलेल्या ओल्या स्पंजाने. पाण्याने कणांमधली पोकळी भरते आणि गेरू क्षणभर गडद दिसतो. वाळला की पुन्हा फिका, म्हणून पुन्हा ओला. दर वेळी थोडा रंग स्पंजाला लागतो. शिवाय सच्छिद्र वालुकाश्मात मुरलेलं पाणी क्षार विरघळवतं. सुकताना त्यांचे स्फटिक पृष्ठभागालगत वाढतात आणि रंगासकट खपली सुटते. पुढे पर्यटकांनीही फोटोसाठी हेच केलं.

कालमापनाचीही वाट बिकट झाली. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, त्यात कार्बन नाही. कार्बन-१४ मोजून वय काढायला रंगात कालवलेला सेंद्रिय चिकट पदार्थ लागतो. मुळात तो नाममात्रच उरतो, आणि धुतलेल्या भिंतीवरच्या नमुन्याचा भरवसा आणखी कमी.

१९७२मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. आता पुसट रेषा वाचायला भिंत ओली करायची गरजच नाही: कोरड्या भिंतीचा, रंगपट्टी ठेवून, फ्लॅशशिवाय फोटो घ्यायचा आणि डीस्ट्रेचसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांतला फरक ताणायचा. डोळ्यांना न दिसणारा गेरूही त्यात बऱ्याचदा उमटतो.