गो, वेन्ट, गॉन: इंग्रजीतील अनियमित भूतकाळाची पार्श्वभूमी

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत शेवटच्या पानांवर तीन रकान्यांचा एक तक्ता असतो. गो-वेन्ट-गॉन, सिंग-सँग-संग, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, कट-कट-कट अशी दीडदोनशे क्रियापदे त्यात वर्णानुक्रमे दिलेली असतात आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, असे सांगून शिक्षक मोकळे होतात. पाठांतर टळत नाही हे खरेच. पण वर्णानुक्रमामुळे एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे ही क्रियापदे एका जातीची नाहीत. काहींची रूपे इंग्रजी जन्मण्याच्या कितीतरी आधीच्या नियमाने घडलेली आहेत, काही मूळची नियमित रूपे उच्चार बदलल्यामुळे विस्कटलेली आहेत, तर काही क्रियापदे चांगली नियमित असताना अगदी अलीकडे अनियमितांच्या पंगतीत जाऊन बसली आहेत. दोन रूपांपैकी बरोबर कोणते, हा वादही इंग्रजीत खऱ्या अर्थाने पेटला तो अठराव्या शतकात.

या इतिहासाचा उलगडा व्हायला संस्कृतची मदत झाली. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका कुळातल्या असल्याचे सांगितले आणि क्रियापदांचे धातू व व्याकरणाची रूपे यांतील साम्याकडे मुद्दाम बोट दाखवले. जर्मन अभ्यासक फ्रान्झ बोप यांनी 1816 मध्ये संस्कृत क्रियापदांची रूपे ग्रीक, लॅटिन, फार्सी आणि जर्मानिक भाषांतील रूपांशी ताडून पाहिली. पाठोपाठ याकोब ग्रिम यांनी जर्मानिक क्रियापदांचे सबल आणि दुर्बल असे दोन वर्ग पाडले. धातूच्या आतला स्वर बदलून भूतकाळ करणारी ती सबल आणि शेवटी ड किंवा ट हा वर्ण जोडणारी ती दुर्बल. जर्मन आणि डच यांच्याबरोबर इंग्रजीही जर्मानिक शाखेत मोडते, त्यामुळे सिंग-सँग-संग हे सबल आणि लव्ह-लव्हड हे दुर्बल ठरले. आज ज्याला आपण नियम म्हणतो ती दुर्बल पद्धत या शाखेने नंतर घडवली. स्वरबदलाची सबल पद्धत तिच्याहून जुनी आहे.

संस्कृतचे थोडेफार व्याकरण केलेल्या वाचकाला ही जुनी पद्धत अनोळखी वाटायला नको. परोक्ष भूतकाळात त्याने पाहिले हे ददर्श होते, तर त्यांनी पाहिले हे ददृशुः होते. एकवचनात धातूच्या स्वराला गुण होतो, म्हणजे ऋ चा अर् होतो, अनेकवचनात होत नाही. विद् धातूची वेद आणि विद्म ही जोडी याच घडणीची. प्राचीन इंग्रजीत याच धातूची एकवचन-अनेकवचनाची रूपे वाट आणि विटोन अशी होती, आणि अर्थही जाणणे हाच होता. म्हणजे प्राचीन इंग्रजीत सबल क्रियापदाच्या भूतकाळाला एक नव्हे तर दोन स्वर असत, एक एकवचनाचा आणि एक अनेकवचनाचा. आजच्या घोळाचे बरेचसे मूळ या दुपेडी भूतकाळात आहे.

त्यासाठी राइड आणि बाइट ही दोन क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत. हजार वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वर्गातली होती. तो घोड्यावर बसून गेला हे राड, ते गेले हे रिडोन. तो चावला हे बाट, ते चावले हे बिटोन. पुढे मध्य इंग्रजीच्या काळात, म्हणजे साधारण 1100 ते 1500 च्या दरम्यान, शेवटचे प्रत्यय झिजले आणि भूतकाळात एकवचन-अनेकवचनाचा भेद राखण्याची गरज उरली नाही. दोनपैकी एकच स्वर टिकणार होता. पण कोणता, हे प्रत्येक क्रियापदाने आणि प्रत्येक प्रांताने आपापले ठरवले. राइडने एकवचनाचा स्वर ठेवला आणि तो बदलत बदलत आजचे रोड हे रूप झाले. बाइटने अनेकवचनाचा स्वर उचलला आणि त्याचे बिट झाले. ड्रिंकचे ड्रँक होते पण क्लिंगचे क्लंग होते, सिंगचे सँग होते पण फाइंडचे फाउंड होते, या विसंगतीमागेही हीच वाटणी आहे. ती कोणी बसून केली नाही, त्यामुळे तिच्यात तर्क शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही.

ही वाटणी चालू असतानाचा एक पुरावा इंग्लंडच्या राजकीय इतिहासात सापडतो. 1381 च्या शेतकरी बंडात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनासाठी घेतलेली दोन ओळींची म्हण प्रसिद्ध आहे: आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता? तिच्या जुन्या पाठात खणण्याचे भूतकाळी रूप डाल्फ आणि कातण्याचे स्पॅन असे आहे. दोन्ही सबल, दोन्ही एकवचनी. पुढे पहिले क्रियापद नियमित होऊन डेल्व्हड झाले, तर दुसऱ्याने स्पॅन टाकून स्पन हे रूप घेतले. एका ओळीतली दोन क्रियापदे अशी दोन वाटांनी गेली.

वचनभेद शाबूत राहिला तो एकाच क्रियापदात. वॉज आणि वेअर. त्यातला स आणि र यांचा फरकही संस्कृतच्या आधारानेच सुटला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी 1870 च्या दशकात दाखवून दिले की, या कुळाच्या मूळ भाषेतला आघात वैदिक उदात्त-अनुदात्त स्वरांप्रमाणे काही रूपांत धातूवर आणि काही रूपांत प्रत्ययावर पडत असे आणि त्यानुसार जर्मानिक भाषांत व्यंजनही बदलले. स चा आधी घोष, म्हणजे इंग्रजी झेडसारखा, उच्चार झाला आणि पुढे र. या क्रियापदाची आणखी एक गंमत म्हणजे ते एक नसून तीन धातूंचे कडबोळे आहे. अ‍ॅम आणि इज यांचे नाते अस् धातूशी, बी चे भू धातूशी आणि वॉजचे वस् धातूशी आहे. गो-वेन्टचा प्रकार याच जातीचा. गो चा जुना भूतकाळ एओडे असा होता. तो वापरातून गेला आणि वळणे, वाट धरणे या अर्थाच्या वेन्ड या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ वेन्ट त्याच्या जागी बसला. मराठी माणसाने यावर फार नाक मुरडू नये, कारण आपण जातो आणि गेलो. जाणे हे संस्कृत ‘या’ (याति) धातूपासून आले आणि गेला हे गम् धातूच्या गत या रूपापासून.

दुर्बल वर्ग जर्मानिक भाषांनी स्वतः घडवला. त्यातला ड हा करणे या अर्थाच्या क्रियापदाचा, म्हणजे डू या शब्दाच्या पूर्वजाचा अवशेष असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. तपशिलांवर मतभेद आहेत. पद्धत सोपी असल्याने नवे क्रियापद आले की ते याच वर्गात जाई. मग कीप-केप्ट, मीट-मेट, थिंक-थॉट ही दुर्बल असूनही तक्त्यात का दिसतात? कीपचा भूतकाळ मुळात नियमितच होता आणि दोन्ही रूपांत एकच दीर्घ ए होता. भूतकाळात प आणि ट एकापुढे एक आल्याने त्यांच्या आधीचा स्वर ऱ्हस्व झाला. त्यानंतर 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतल्या सगळ्या दीर्घ स्वरांचे उच्चार सरकले आणि केपचे कीप झाले. केप्टमधला स्वर ऱ्हस्व असल्याने जागच्या जागी राहिला. थिंक-थॉट आणि ब्रिंग-ब्रॉट यांचे स्वर तर इंग्रज लोक ब्रिटनमध्ये येण्यापूर्वीच वेगळे झाले होते. जर्मनमधली दाख्टे आणि ब्राख्टे ही रूपे त्याची साक्ष देतात. कट, पुट, सेट, हिट यांची गोष्ट अगदी साधी आहे: मुळातच ट असलेल्या धातूला ट चाच प्रत्यय लागला, शेवटचा स्वर गळला आणि तिन्ही रूपे सारखी झाली.

प्राचीन इंग्रजीत सबल क्रियापदे तीनशेहून अधिक होती. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर दरबार आणि कचेऱ्यांतून इंग्रजी मागे पडली, लेखनाला एक प्रमाण उरले नाही आणि शेकडो फ्रेंच क्रियापदे दुर्बल प्रत्यय लावून आत आली. त्या रेट्यात कित्येक जुनी क्रियापदे नाहीशी झाली आणि हेल्प, क्लाइम्ब, लाफ, स्टेप अशी अनेक नियमित झाली. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हेल्पचे होल्पन हे तिसरे रूप अजून भेटते. काही जुनी तिसरी रूपे केवळ विशेषण म्हणून तगली. वितळलेल्या धातूला मोल्टन म्हणतात, पण वितळण्याचा भूतकाळ मेल्टेडच होतो.

यातून कोण वाचले आणि का, याचे उत्तर आकड्यांत मांडणारा एक अभ्यास 2007 मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हार्वर्डमधील एरेझ लिबरमन, जाँ-बॅप्टिस्ट मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदे घेतली. त्यांपैकी मध्य इंग्रजीत 145 आणि आज 98 अनियमित उरली आहेत. जे क्रियापद दुसऱ्याच्या शंभरपट कमी वापरले जाते ते त्याच्या दहापट वेगाने नियमित होते, असा हिशेब त्यांनी मांडला. बी, हॅव, डू, से, गो, टेक, सी, गेट ही सतत तोंडात असणारी क्रियापदे म्हणूनच अनियमित राहू शकली, कारण त्यांचे रूप तयार करावे लागत नाही, ते आठवते. मराठीतही हेच दिसते. बसला, पळाला, चालला ही रूपे धातूवरून सरळ साधता येतात. पण केला, मेला, आला, गेला यांत कृत, मृत, आगत आणि गत ही जुनी रूपे टिकून आहेत, आणि ही रोजच्या बोलण्यातली क्रियापदे आहेत.

मात्र सगळा प्रवाह नियमिततेकडेच वाहतो असे समजणे चुकीचे ठरेल. वेअर म्हणजे अंगावर घालणे हे मूळचे दुर्बल क्रियापद बेअर, स्वेअर, टेअर यांच्या संगतीने वोअर झाले. नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या कॅचने पकडणे याच अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचा कित्ता गिरवून कॉट हे रूप घेतले. टेक-टुक ही जोडीच्या जोडी व्हायकिंग वसाहतवाल्यांच्या नॉर्स भाषेतून आली आणि तिने घेणे या अर्थाचे मूळचे इंग्रजी क्रियापद हद्दपार केले. डिगचा भूतकाळ बायबलमध्ये डिग्ड असा आहे. आजचे डग हे रूप नंतर रुळले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात स्नीकचे स्नक झाले आणि डाइव्हचे डोव्ह. व्याकरणकारांना हे रुचले नाही, पण आज तिथले शब्दकोश दोन्ही रूपे नोंदवतात.

व्याकरणकारांचा उल्लेख आला, तर बरोबर-चूक या भानगडीकडे वळले पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकांत दुसरे रूप तिसऱ्याच्या जागी वापरणे सर्रास चालत असे. टॉमस ग्रे यांची स्मशानातील सुप्रसिद्ध विलापिका 1751 मध्ये प्रथम छापली गेली, तेव्हा तिच्या शीर्षकात रिटन नव्हे, रोट हा शब्द होता. लंडनमध्ये छापलेल्या, सुशिक्षितांसाठी काढलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आजच्या परीक्षकाने लाल रेघ मारली असती. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात या प्रकारावर हल्ला चढवला. आय हॅव न्यू किंवा आय हॅव सॉ असे ऐकले तर आपण दचकू, पण आय हॅव रोट आणि आय हॅव ड्रँक कानाला सवयीचे झाले आहे. वास्तविक दोन्ही सारखीच रानटी, असे त्यांचे म्हणणे होते. मोठमोठ्या लेखकांची वाक्ये चुकांचे नमुने म्हणून छापण्यासही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. 1795 च्या लिंडली मरे यांच्या व्याकरणाने लाउथ यांच्याकडून पुष्कळ उचलले आणि ते शाळाशाळांत पोचवले.

लाउथ नसते तर इंग्रजीची बरीचशी तिसरी रूपे दुसऱ्यांत विरून गेली असती, हा माझा अंदाज आहे. स्टँड, फाइंड यांसारख्या क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपे आधीच एक झालेली होती आणि तिथे त्यांनाही काही करता आले नाही. रोट-रिटन, ड्रँक-ड्रंक, बिगॅन-बिगन या जोड्या मात्र व्याकरणाच्या पुस्तकांनी सावरून धरल्या. बोलींनी त्यांना जुमानले नाही. आय सीन इट किंवा आय डन इट असे म्हणणारे लोक इंग्लंड-अमेरिकेत आजही भरपूर आहेत आणि ते मातृभाषाच बोलत असतात.

याच काळात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर निवड वेगळी होऊ लागली. गेटचे गॉटन हे तिसरे रूप इंग्लंडने टाकले आणि अमेरिकेने ठेवले. फरगॉटन दोघांनीही ठेवले. लर्न, बर्न, स्पिल यांना ब्रिटिश लेखनात ट पुष्कळदा लागतो, अमेरिकी लेखनात बहुधा नियमित प्रत्यय लागतो. हँगच्या बाबतीत दोन वेगळी क्रियापदे एकात मिसळली, म्हणून चित्र टांगले तर हंग आणि माणसाला फाशी दिले तर हँग्ड असा संकेत दोन्हीकडे आहे. आपल्याकडची पाठ्यपुस्तके साधारणपणे ब्रिटिश वळणाची आणि संगणकातली शुद्धलेखन तपासणी पुष्कळदा अमेरिकी वळणाची असते, त्यामुळे लर्न्ट या बिनचूक शब्दाखाली लाल रेघ उमटलेली पाहून विद्यार्थी गोंधळतात. अशा जोड्यांत दोन्ही रूपे मान्य आहेत. एका लेखनात एकच वळण शेवटपर्यंत पाळणे एवढीच अपेक्षा परीक्षक करू शकतो.