वैद्यकीय चुकीचे प्रकटन

उपचारादरम्यान झालेल्या चुकीने रुग्णाला इजा पोहोचली, तर ती त्याला व नातेवाइकांना आपणहून सांगणे, माफी मागणे आणि चौकशीत निघालेले कारण कळवणे, या प्रक्रियेला वैद्यकीय चुकीचे प्रकटन म्हणतात. अटळ गुंतागुंत आणि चूक यांतला फरक पहिल्या दिवशी स्पष्ट असतोच असे नाही.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १९८६ च्या कायद्याला आद्य मानतात. पण तो कायदा सहानुभूतीचे शब्द दाव्यात पुरावा म्हणून वापरण्यास मनाई करतो. चूक सांगण्याची सक्ती करत नाही. त्यामुळे केंटकीतील लेक्सिंग्टनच्या माजी सैनिक रुग्णालयाकडे मान जाणे अधिक सयुक्तिक वाटते. मोठे दावे हरल्यावर तेथे १९८७ च्या सुमारास हे धोरण आले. अनुभव १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात २००१ पासून अशी पद्धत राबवल्यावर दावे घटल्याचे २०१० च्या अभ्यासात दिसते. मात्र अभ्यासकाळाच्या उत्तरार्धात त्या राज्यात एकूणच दावे कमी होत होते, हे अभ्यासकांनीच नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून हे कायदेशीर बंधन आहे.

चूक लक्षात आल्यावर आधी रुग्णाला सावरावे. वापरलेल्या कुप्या, सलाइनची नळी, शिरेतून औषध सोडणारा पंप जपून ठेवावेत. केसपेपरवर खाडाखोड करू नये, राहिलेली नोंद वेळ घालून वेगळी लिहावी. पहिली भेट शक्यतो २४ तासांच्या आत, बंद खोलीत, बसून व्हावी. जबाबदार वरिष्ठ डॉक्टरांनी बोलावे, सोबत ओळखीची परिचारिका असावी. शिकाऊ डॉक्टरला एकट्याने पुढे करू नये. 'औषधाची रिअॅक्शन आली' असे मोघम न बोलता 'मॉर्फिनचा डोस दहापट गेला, त्यामुळे श्वास मंदावला. आमची चूक झाली, आम्ही माफी मागतो' असे सांगावे. दशांश चिन्ह कुणी चुकवले, पंप कुणी लावला, याचे तर्क टाळावेत. ते पुढे खोटे ठरले की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. 'तुम्हाला वाईट वाटले असेल तर' ही माफी नव्हे, उलट ती ऐकून नातेवाईक अधिक चिडतात.

धक्क्यात ऐकलेले फारसे लक्षात राहत नाही, म्हणून दुसरी भेट ठरवूनच उठावे आणि संपर्कासाठी एकाच व्यक्तीचे नाव व फोन नंबर लिहून द्यावा. चौकशी लांबली तरी ठरलेल्या दिवशी फोन करावा, नवे काही सांगण्यासारखे नसले तरीही.