माठात बुडणारा हात

नळ नाही, वीज नाही, अशा डोंगरातल्या घरात राहायला गेले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात जुलाबांनी मला आठवडाभर अंथरुणाला खिळवलं. पाणी रोज उकळत होते, तरीही.

झऱ्याचं पाणी आधी गाळायचं, हे आजीने शिकवलेलं. जुन्या सुती लुगड्याची आठ पदरी घडी हंड्याच्या तोंडावर बांधायची. अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात नेमकं हेच तपासलं. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले: साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला! खरं तर कॉलऱ्याचा जिवाणू इतका बारीक की कापडातून सहज निसटावा. पण तो पाण्यातल्या चिमुकल्या जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडात अडकतात. त्यातही नव्यापेक्षा जुनी साडी सरस, कारण धुऊन धुऊन धागे पिंजारतात आणि छिद्रं बारीक होतात.

सुटे जिवाणू आणि विषाणू मात्र कापडात अडकत नाहीत, म्हणून उकळणं आलंच. वीस मिनिटं उकळायची गरज नाही. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरतं. २००० मीटरच्या वर ३ मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईचं शिखरही १६४६ मीटरच. ओल्या सरपणाच्या दिवसांत ही बचत फार मोलाची.

मग माझं चुकलं कुठे? उकळलेलं पाणी माठात ओतून मी त्यात पेला बुडवत होते, आणि पेल्याबरोबर बोटंही. शेजारच्या मावशींनी ते पाहिलं आणि लांब दांड्याचं ओगराळं आणून दिलं. "हात नको गं घालूस माठात," एवढंच म्हणाल्या. तोटीचा माठ असेल तर आणखी बरं.

हात धुवायला पाच लिटरचा कॅन दोरीने आडव्या काठीला टांगलाय. बुचाला बांधलेली सुतळी खालच्या काटकीपर्यंत येते. काटकीवर पाय दिला की कॅन कलतो, बुचाखालच्या भोकातून बारीक धार येते, आणि मळक्या हाताने काहीच धरावं लागत नाही. पाणीही थोडकंच लागतं. साबण संपला तर चुलीतली ताजी राख घेते. तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळून तेलकटपणा सोडवतं. साबणाची सर तिला नाही, पण नुसत्या पाण्यापेक्षा बरी. अंगणातली माती मात्र कधीच घेऊ नये, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

ओगराळं आता माठावरच्या खुंटीला टांगलेलं असतं. जमिनीवर ठेवलं, की धुऊनच परत माठात जातं.