अलास्का हायवेवर गाडी घालण्याआधी: कॅनडाचा व्हिसा आणि परतीचे कागद

सिएटलहून गाडीने अलास्का ठरलं की मंडळी टायर, अस्वलांचा स्प्रे आणि दशम्या-चटण्यांच्या याद्या करायला लागतात. अडतात मात्र कागदांवर. अलास्का अमेरिकेत असलं तरी मधे कॅनडा आडवा पसरलाय. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत हा हायवे साधारण २,२०० किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक कॅनडात. म्हणजे जाऊन येऊन दोनदा कॅनडात शिरायचं आणि दोनदा अमेरिकेत. चारही वेळा कागद दाखवायचे.

भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. "अमेरिकेचा व्हिसा आहे, मग ईटीए (व्हिशाऐवजीची ऑनलाइन परवानगी) चालेल" हे दरवर्षी कुणीतरी सांगतंच. ती सवलत काही देशांना आहे, त्यात भारत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना (अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी असलेल्यांना) व्हिसा नको, पण कार्डाबरोबर चालू पासपोर्ट हवा; आणि कार्ड मिळाल्यावर भारतीय पासपोर्टची मुदत बघायचं बरेच जण विसरतात. ग्रीन कार्ड तुमचं असलं तरी सोबत आलेल्या आई-बाबांना व्हिसा लागतोच.

अर्ज ऑनलाइन, माणशी वेगळा, तान्ह्या बाळाचाही (बाळाकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर नको). फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. नोकरीचं पत्र, बँकेची स्टेटमेंट, अमेरिकेतल्या स्टेटसचे (कायदेशीर वास्तव्याचे) कागद, मुक्कामांसह प्रवासाचा आराखडा. हे सगळं सरळ आहे.

लोक फसतात ते तारखांत. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवस मिळतात, ते पत्राच्या तारखेपासून; तुम्ही ईमेल उघडलात त्या दिवसापासून नव्हे. आणि "अप्रूव्ह झालं" म्हणजे व्हिसा हातात आला असं नाही. त्यानंतर पासपोर्ट पाठवायचा, त्यावर व्हिसा चिकटून तो परत यायचा. जूनमध्ये निघायचं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका. मे महिन्यात अर्ज करून जुलैची हॉटेलं बुक करणाऱ्यांना मी हात जोडते.

व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच शिरण्याचा, आला की घरात रडारड. गरज नाही. कॅनडातून फक्त अमेरिकेत जाऊन, पहिल्या वेळी दिलेल्या मुक्कामाच्या मुदतीत परत आलात, तर त्याच व्हिशावर पुन्हा शिरता येतं. ती मुदत सहसा ६ महिने. अधिकाऱ्याने पासपोर्टवर वेगळी तारीख घातली असेल तर ती धरायची. अलास्काची फेरी यात आरामात बसते.

आता खरी गोम: एच-वन-बी (अमेरिकेतलं नोकरीचं स्टेटस) चालू आहे, पण पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा केव्हाच संपलाय. अशांसाठी आपोआप पुनर्वैधतेचा नियम आहे. कॅनडात ३० दिवस किंवा कमी राहून परतलात आणि आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) मुदत बाकी असेल, तर जुन्या व्हिशावर आत घेतात. स्टेटस अमेरिकेतच वाढवलं असेल तर नवा आय-९४ असतो मंजुरीच्या आय-७९७ कागदाच्या तळाशी, आणि वेबसाइटवर जुनीच तारीख दिसत राहू शकते. म्हणून तो मूळ कागद सोबत ठेवा. फोनमधला फोटो दाखवून सीमेवर समजावत बसण्यात अख्खी दुपार जाते.

आणि "जाताजाता व्हँकुव्हरला स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा अमेरिकन व्हिसा) उरकू" हा मोह टाळा. कॅनडात असताना नव्या अमेरिकन व्हिशाला अर्ज केलात की ही सवलत गेली. व्हिसा हातात येईपर्यंत तिथेच अडकाल. आई-बाबांचंही ऐका: कॅनडात चार दिवस राहिल्याने त्यांना अमेरिकेत पाहुणे म्हणून मिळालेले ६ महिने नव्याने सुरू होत नाहीत.

मुलं एकाच पालकासोबत असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. गाडीच्या विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं विम्याचं कार्ड मागवा. गाडी भाड्याची असेल तर ती कॅनडात आणि खडीच्या रस्त्यावर नेण्याची परवानगी लेखी घ्या. काउंटरवरचा "हो हो, चालतं" कुठेच चालत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी शिक्षा असेल, तर कॅनडा सीमेवरून परत पाठवू शकतो. ते आधी वकिलाला विचारा, आम्हाला नको.

शेवटचं, सीमेच्या वेळांचं. हायवेवरचं, बीव्हर क्रीकपुढचं मुख्य नाकं २४ तास उघडं असतं. पण कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीहून (हे डॉसन क्रीक नव्हे) फेरीबोटीने नदी ओलांडून 'टॉप ऑफ द वर्ल्ड' रस्त्याने जाणार असाल, तर पोकर क्रीकचं नाकं फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा. शिवाय उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ युकॉनच्या एक तास मागे. मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो, म्हणून नाकंही उघडं असेल असं समजून निघू नका. फाटकापाशी गाडीतच झोपावं लागेल.